सोनं कुठं सापडतं, आणि आपल्या डोंगरात का नाही



मागच्या भागात आपण कांदा साठवण्याबद्दल बोललो होतो. त्यानंतर आंबेगावच्या वरच्या पट्ट्यातल्या एका गटाचा निरोप आला. "ताई, आमच्याकडे विहीर खणताना मधासारखे पिवळे, चमकणारे खडे निघालेत. एक पाहुणा माणूस म्हणतो, हे सोन्याचं लक्षण आहे, डोंगरात खाण असणार. यंत्र आणून तपासतो, घरटी पाचशे रुपये काढा. काय करावं?"

उत्तर आम्ही त्याच दिवशी फोनवर दिलं: एक रुपयाही देऊ नका. पण नुसतं "देऊ नका" म्हटलं की मनातली शंका जात नाही. वाटतं, खरंच असलं तर? आपल्याच नशिबाला आपणच लाथ मारली तर? म्हणून आज नीट समजून घेऊ. सोनं जमिनीत कुठं असतं, शोधणारे ते कसं शोधतात, आणि जुन्नर-आंबेगावच्या कातळात ते का मिळत नाही. एकदा हे कळलं की असला पाहुणा दारात आला तर त्याला काय विचारायचं तेही कळेल.

सोनं येतं कुठून

सोनं जमिनीत सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. पृथ्वीच्या पोटात खूप खोलवर अतिशय गरम पाणी असतं. हे पाणी खडकांच्या भेगांतून वर येतं, तेव्हा त्यात बारीक प्रमाणात सोनं विरघळलेलं असतं. वर येता येता ते थंड होतं आणि भेगेत पांढरी गार, म्हणजे गारगोटीचा दगड, साठतो. त्या गारेबरोबर सोनंही बसतं. आपल्या चुलीवरच्या पातेल्यात क्षारांचा पांढरा थर बसतो, तसंच समजा. फक्त इथं त्याला लाखो वर्षं लागतात.

आपल्या देशात असं घडलेलं दिसतं ते बहुतेक जुन्या, दाबल्या-मुडपलेल्या खडकात. कर्नाटकातल्या कोलारचा खडक सुमारे २७० कोटी वर्षांचा आहे. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीचा खडकही तसाच पुरातन. हट्टीची खाण आजही चालू आहे. आपल्या महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा मिळाल्या त्या विदर्भात, नागपूर आणि भंडारा भागात, कारण तिथला खडक असाच जुना आहे. नागपूर जिल्ह्यातल्या परसोडी आणि कोलारी-भावरी या गावांच्या आसपास सरकारी भूवैज्ञानिकांनी सोन्याचा शोध घेतला आहे.

आता आपला खडक बघा. शिवनेरीचा कातळ, हरिश्चंद्रगडाचा कडा, भीमाशंकरचं पठार, विहिरीत लागणारा काळा दगड, हे सगळं एकाच जातीचं: बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. नाणेघाट चढताना डोंगराला पायऱ्या-पायऱ्या दिसतात ना, ते हे थर. हा रस वर येऊन लवकर थिजला. त्यात गरम पाण्यानं सोनं आणून भेगेत साठवायचं काम झालंच नाही.

कुणी म्हणेल, बरं, पण याच्या खाली तर जुना खडक असेल! असेलही. पण किती खाली? कोयनेच्या परिसरात भूकंपाचा अभ्यास करायला शास्त्रज्ञांनी खोल भोकं पाडली. सुमारे एक ते सव्वा किलोमीटर काळा कातळ पार केल्यावर खाली ग्रॅनाइट लागला. आपली विहीर किती खोल? चाळीस फूट, पन्नास फूट. बोअर गेली तर चारशे-पाचशे फूट. म्हणजे जुन्या खडकाच्या आसपासही आपण पोचत नाही.

शोधणारे काय बघतात

सोनं शोधणारा माणूस वाटेल तिथं खणत बसत नाही. तो सगळ्यात आधी बघतो, पूर्वी कुणी इथं खणलंय का. जुन्या खाणीजवळच नवी खाण सापडण्याची शक्यता जास्त. हट्टीला इंग्रज आले तेव्हा त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीच्या खाणकामाच्या खुणा मिळाल्या. कोलारला १८०२ साली जॉन वॉरन नावाचा इंग्रजी फौजेतला अधिकारी मोजणीसाठी आला होता. त्यानं बक्षीस लावलं, तेव्हा गावकऱ्यांनी बैलगाडीभर माती आणून त्याच्यासमोर धुतली आणि सोन्याचे कण दाखवले. पुढं सत्तर वर्षांनी मायकेल लॅव्हेल या निवृत्त सैनिकानं ती माहिती वाचून खाणीचा परवाना मिळवला. १८८० नंतर तिथं मोठी खाण उभी राहिली. म्हणजे साहेबांनी सोनं "शोधलं" असं पुस्तकात येतं, पण त्यांना जागा दाखवली ती माती धुणाऱ्या गावकऱ्यांनी.

दुसरी खूण म्हणजे पांढऱ्या गारेची शीर, तीही गंजासारखे तांबूस डाग असलेली. तिसरी खूण नदी. डोंगरातली गार झिजली की सोन्याचे कण ओढ्यात येतात. इथं सोन्याचा एक गुण कामी येतो, तो म्हणजे वजन. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड असतं. साधी वाळू पाण्याच्या अडीच पटीच्या थोडी वर.

आपण तांदूळ रोळतो तेव्हा काय होतं? पाण्यात भांडं गोल हलवलं की तांदूळ पाण्याबरोबर पुढं सरकतो आणि जड खडा तळाशी राहतो. सोनं धुणंही अगदी तसंच. भंडारा, गोंदिया, बालाघाट भागात सोनझारी समाजाच्या कित्येक पिढ्यांनी हेच काम केलं. नदीची वाळू लाकडी भांड्यात घ्यायची, पाण्यात हलवायची, हलकी वाळू वाहू द्यायची आणि तळाचं जड ते ठेवायचं.

वाळूही कुठली घ्यायची त्याचा हिशोब असतो. पाण्याचा जोर जिथं कमी होतो तिथं जड वस्तू बसते. म्हणून नदीच्या वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्याच्या मागची जागा, तळच्या कातळातल्या फटी, ही ठिकाणं आधी बघतात. वरवरची वाळू नाही, तर अगदी कातळाला चिकटलेली. कण मिळाले तर ओढ्यानं वर-वर जातात. जिथं कण मिळायचे थांबतात, तिथंच जवळच्या उतारावर गारेची शीर शोधतात.

आता हेच कुकडी, मीना, पुष्पावती किंवा घोड नदीत करून बघा. परातीच्या तळाशी जड वस्तू राहील, पण ती काळी असेल. लोहचुंबक फिरवला तर ती उडून चिकटेल. ते बेसॉल्टमधलं लोहखनिज आहे. नदीत काळी वाळू असणं ही काही वाईट खूण नाही. सोन्याच्या नदीतही काळी वाळू असते. पण आपल्या नद्यांच्या माथ्यावर सोन्याचा खडकच नाही, मग नदी आणणार कुठून?

मग चमकलं ते काय

चमकणाऱ्या वस्तू आपल्या कातळात भरपूर आहेत. रस थिजताना त्यात बुडबुडे राहिले. त्या पोकळ्यांत नंतर पाण्यानं स्फटिक तयार केले. विहीर खणताना पांढरे, गुलाबी, हिरवट, पिवळसर खडे निघतात ते हेच. आपण घरीच ओळखू शकतो.

खडा खलबत्त्यात ठेवून हळूच ठोका. सोनं मऊ असतं, ते फुटत नाही, चपटं होतं. फुटून भुकटी झाली तर ते सोनं नाही, एवढ्यावरच निकाल लागला.

भुकटीवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्साइट, म्हणजे चुनखडीच्या जातीचा स्फटिक.

फरशीच्या खरखरीत, चकाकी नसलेल्या मागच्या बाजूवर घासून बघा. सोन्याची रेघ पिवळीच उमटते. पायराइट नावाचं लोखंड-गंधकाचं खनिज दिसायला पितळेसारखं पिवळं असतं, पण त्याची रेघ काळपट हिरवी येते.

पातळ, सोनेरी पापुद्रे असतील आणि ते पाण्यात तरंगत-तरंगत खाली जात असतील तर ते अभ्रक. सोनं असं तरंगत नाही, सरळ तळाला जातं.

निरोप आलेल्या गटाला आम्ही हे फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. खडा फुटला, भुकटी झाली आणि लिंबानं फेसली. पाहुण्यानं "यंत्र आणतो" म्हणून पुन्हा फोन केला, तेव्हा गटाच्या अध्यक्षांनी विचारलं, "खनिज शोधायचा सरकारी परवाना आहे का तुमच्याकडे? त्याची प्रत ग्रामपंचायतीत दाखवा." त्यानंतर पाहुणा काही आला नाही.

पण जुन्नर तर श्रीमंत होतं ना?

होतं. सातवाहनांच्या काळात जुन्नर मोठी बाजारपेठ होती. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरावर उतरलेला माल नाणेघाटानं वर यायचा. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत बुरूड, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या संघांची नावं आहेत. कल्याणच्या एका सोनाराच्या घराकडून पाण्याच्या टाक्याचं दान झाल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे सोनं जुन्नरला आलं, पण ते घाट चढून आलं. इथल्या मातीतून ते निघालं नाही.

आणि "गुप्तधन" म्हणून जी नाणी लोक शोधतात, त्याचाही हिशोब ऐका. सातवाहनांची नाणी बहुतेक शिशाची, तांब्याची आणि मिश्र धातूची, काही चांदीची. नांगरताना कधी सापडते ती शिवराई, तीही तांब्याची. तेव्हा "सातवाहनांच्या सोन्याच्या मोहरा" म्हणून कुणी काही विकायला आणलं तर तिथंच थांबावं.

आमच्या गटातली गोष्ट

आता जी गोष्ट सांगतोय ती आमच्याच एका मैत्रिणीची. तिनं स्वतः सांगायला सांगितलं आहे, फक्त नाव नको म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी एक नवरा-बायको तिच्या दारात आले. अंगावर मजुराचे कपडे, कडेवर लेकरू. म्हणाले, "ताई, रस्त्याच्या कामावर खणताना हंडा लागला. सोन्याच्या मण्यांची माळ आहे. आम्ही गरीब, सोनाराकडे गेलो तर चोर म्हणतील. तुम्ही घ्या, जे द्याल ते द्या." आणि दोन मणी तोडून तिच्या हातावर ठेवले. "खात्री करा, मगच बोला."

ती शहाणी बाई. तिनं लगेच विश्वास ठेवला नाही. ते दोन मणी तालुक्याच्या सोनाराकडे नेले. सोनारानं कसाला लावून सांगितलं, चोख आहेत. सोनार खोटं बोलला नव्हता. मणी खरेच होते.

मग तिनं गटातून शेळीसाठी म्हणून २५,००० रुपये कर्ज घेतलं, घरातले १५,००० घातले आणि माळ घेतली. घरी आणून दुसऱ्या दिवशी त्यातला मणी सोनाराला दाखवला, तर तो पितळेचा.

मैत्रिणींनो, इथंच नीट लक्ष द्या. तिनं तपासलं नाही म्हणून ती फसली, असं नाही. तपासलं म्हणूनच फसली. असल्या टोळ्यांना माहीत असतं की बाई सोनाराकडे जाणार. म्हणून नमुना ते खराच देतात. नमुन्याची परीक्षा पास होते आणि माल वेगळाच मिळतो. म्हणून लक्षात ठेवा, नमुना खरा निघाला म्हणजे सौदा खरा होत नाही.

आणि तिला आणखी एका गोष्टीनं गप्प केलं. ते म्हणाले होते, "कुणाला सांगू नका, सरकार जप्त करील." म्हणून नवऱ्याला नाही सांगितलं, गटाला नाही सांगितलं. फसल्यावर तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. तीन महिने ती बैठकीला आली नाही. शेवटी आमच्यातल्या एक आजी तिच्या घरी गेल्या. तेव्हा रडत सगळं सांगितलं. गटानं तिला शब्दानं दुखवलं नाही. कर्जाचे हप्ते पुन्हा बांधून दिले आणि ती ते फेडते आहे. पोलिसांत तक्रार द्यायला मात्र उशीर झाला होता, ती माणसं कधीच पसार झाली होती.

कायदा काय म्हणतो

"सरकार जप्त करील" या भीतीवरच हा धंदा चालतो. म्हणून खरं काय ते ऐका.

पहिली गोष्ट, खनिजाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे जमिनीतल्या खनिजावर राज्य सरकारचा हक्क आहे. सातबारा आपल्या नावावर असला तरी सोन्याची खाण कुणी खासगीत "सुरू करून" देऊ शकत नाही. त्याला १९५७ च्या खाण कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तो सरकारच देतं. गावात वर्गणी काढून कुणी खाण उघडत नाही.

दुसरी गोष्ट, पुरलेल्या धनाची. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवणाऱ्याचं नुकसान होत नाही. कुणी मालक पुढं आला नाही तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा मिळू शकतो. सरकारला वस्तू हवी असेल तर ते मोबदला देऊन घेतं. पण लपवलं तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. म्हणजे खरोखर हंडा सापडलेला माणूस लपवून स्वस्तात विकण्यापेक्षा कळवण्यातच फायद्यात असतो.

तिसरी गोष्ट, गुप्तधनासाठी पूजा, उतारे, बळी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्यं करणं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. असा प्रकार कानावर आला, त्यात एखाद्या लेकराचं किंवा बाईचं नाव आलं, तर बैठकीची वाट बघू नका. ताबडतोब ११२ लावा.

चौथी गोष्ट, शिवनेरी आणि लेण्यांसारख्या संरक्षित जागांची. तिथं खणणं, तोडणं यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या पोरांना कुणी "रात्री फक्त खणायला या, हजार रुपये देतो" म्हणून बोलावलं तर पोरं अडकतात आणि बोलावणारा सुटतो. हे घरात सांगून ठेवा.

गटात काय ठरवायचं

आमच्या गटानं त्या प्रसंगानंतर वहीत चार ओळी लिहून ठेवल्या. तुम्हाला पटल्या तर तुम्हीही लिहा.

"कुणाला सांगू नका" असं जो म्हणेल, त्याची गोष्ट त्याच दिवशी दोघीतिघींना सांगायची.

सोनं घ्यायचं तर पावतीनं, हॉलमार्क बघूनच. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकायच्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिना कुठं तपासला, किती कसाचा आहे, ते दिसतं. कुणाकडेही मोबाइल असला तरी हे जमतं.

सोन्याच्या किंवा धनाच्या कारणासाठी गटातून कर्ज नाही. आणि दुसरं कारण सांगून घेतलं असेल तर लवकर येऊन सांगावं, गट रागावणार नाही.

फसलेल्या बाईला बैठकीत जागा तीच राहील.

ही चौथी ओळ आमच्यातल्या आजींनी घालायला लावली. त्या म्हणाल्या, फसवणाऱ्याला आपण कधी शोधून काढू माहीत नाही, पण आपली बाई तीन महिने घरात कोंडून बसली, तो दोष आपला.

पुढच्या भागात विहिरीच्या पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीतून कशी करून घ्यायची ते बोलू. तोवर परसातल्या कातळातला एखादा चमकता खडा सापडला तर जरूर ठोकून बघा, लिंबू पिळून बघा, लेकरांना दाखवा. साडेसहा कोटी वर्षांच्या कातळातला आहे तो. कपाटात ठेवण्याजोगा आहे, फक्त विकत घेण्याजोगा नाही.